१९९३ सालच्या इमारतीतला रिसेल फ्लॅट: विसार देण्याआधी स्ट्रक्चर कसं तपासावं?

बिऱ्हाड_डोंबिवली

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला एक टू बीएचके रिसेलचा फ्लॅट पसंत पडला आहे. इमारत १९९३ सालची, खाली स्टिल्ट पार्किंग (नुसत्या कॉलमवर मोकळी जागा), वर चार मजले, १६ बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. जागा हवेशीर आहे, आणि एजंट ‘या आठवड्यात विसार द्या’ म्हणून मागे लागला आहे.

दोनदा जाऊन पाहिलं. घराला नुकताच रंग दिलाय, हॉलला पीओपीचं सीलिंग आहे. मागच्या बेडरूममध्ये बीमच्या खालच्या कडेला लांबीच्या दिशेने दीडेक मीटर भेग आहे, नव्या रंगातूनही दिसते. खिडकीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून तिरप्या बारीक भेगा. स्वयंपाकघरात बीम आणि भिंत मिळते तिथे आडवी सरळ रेघ. बाथरूमच्या छताला ओल, पांढरं काहीतरी साचलेलं आणि एका जागी तपकिरी डाग. खाली पार्किंगमधल्या एका कॉलमच्या बुंध्याला वेगळ्या रंगाचं सिमेंट फासलंय.

मालक म्हणतात, या सगळ्या प्लास्टरच्या भेगा आहेत, तीन वर्षांपूर्वी सोसायटीने रिपेअर आणि पेंटिंग केलंय. यातलं प्लास्टरचं काय आणि काय नाही, हे आपल्याला स्वतःला कितपत ओळखता येतं? इंजिनिअर कधी बोलवावा? कर्ज घेतोय, तेव्हा बँकेचा व्हॅल्युअर येईलच. तेवढं पुरेल का?

ओळंबा

तुम्ही नीट पाहिलंय. खिडकीच्या कोपऱ्यातल्या भेगा आणि स्वयंपाकघरातली आडवी रेघ बहुधा किरकोळ आहेत. बीमची भेग आणि बाथरूमचा तपकिरी डाग गंभीर असू शकतात. आणि पार्किंगमधला कॉलम सगळ्यात आधी बघायचा, कारण तो तुमच्या एकट्याच्या फ्लॅटचा प्रश्न नाही.

भेगेची जागा आणि दिशा आधी बघायची, रुंदी नंतर. खिडकीच्या कोपऱ्यात भिंतीवर ताण एकवटतो, लिंटेल (खिडकीवरची आडवी काँक्रीटची पट्टी) दोन्ही बाजूंना भिंतीवर पुरेसं टेकलेलं नसेल (निदान १५० मिमी टेकायला हवं) तर तिथून ४५ अंशांत भेग निघते. आरसीसी फ्रेमच्या इमारतीत भिंत म्हणजे नुसतं भरण असतं, भार बीम आणि कॉलम घेतात, त्यामुळे ही भेग दिसायला वाईट असली तरी इमारत तिच्यावर उभी नाही. एक मात्र करा: दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर त्याच खिडकीपाशी बघून या. एकावर एक तीन मजल्यांवर तीच भेग असेल तर त्या बाजूचा पाया खचतोय का, असा प्रश्न उभा राहतो आणि मग ती किरकोळ राहत नाही.

बीम आणि भिंतीच्या सांध्यातली रेघ दोन वेगळ्या वस्तू वेगळ्या प्रमाणात आकसतात-प्रसरण पावतात म्हणून येते. बांधताना सांध्यावर कोंबडी जाळी मारली नाही की हमखास. सर्वांत वरच्या मजल्यावर ती जास्त दिसते, कारण गच्चीचा स्लॅब उन्हाने तापून सरकतो.

आता बीम. बीमवर तीन तऱ्हेच्या भेगा पडतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. मध्यभागी खालून वर जाणारी उभी बारीक भेग वाकण्याची असते, ०.३ मिमीपर्यंत आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सुद्धा ती चालवून घेतं. कॉलमजवळ, टेकूच्या बाजूने मध्याकडे तिरपी चढणारी भेग कातरबलाची. ती दिसली तर घर बघणं तिथेच थांबवा आणि इंजिनिअर बोलवा, कारण हा बिघाड फार पूर्वसूचना देत नाही. तिसरी तुमच्या बीमसारखी: खालच्या कडेला, सळईला समांतर, लांबच लांब. ही आतली सळई गंजल्याची खूण आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि भेग सळईच्या रेषेतच फुटते. स्लॅबच्या खालच्या अंगाला अशा समांतर रेघा १५०-२०० मिमी अंतरावर दिसल्या तर तेही तेच.

सळई का गंजते, हे कळलं तर पुढचं सोपं जातं. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत राहतो, पीएच ९ च्या खाली आला की तो थर मोडतो. १९७८ च्या आयएस ४५६ नुसार तेव्हा स्लॅबला १५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि एम १५ काँक्रीट (एम म्हणजे ताकदीची ग्रेड) चालत होतं. २००० च्या आवृत्तीत आरसीसीला किमान एम २० आलं. १५ मिमी म्हणजे जेमतेम करंगळीच्या जाडीइतकं, त्यातही साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी खडी सरकवलेली असायची. शिवाय ठाणे-डोंबिवली पट्ट्यात त्या काळी खाडीची रेती वापरली गेली; ती गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल तर काँक्रीटमध्ये मीठ पहिल्या दिवसापासूनच आहे. आणि त्या वेळचं पिळाचं टॉर स्टील आजच्या टीएमटीपेक्षा गंजाला लवकर बळी पडतं. त्यामुळे १९८० ते २००० मधल्या इमारती बघताना पहिला संशय गंजाचा धरावा.

बघण्याचा क्रम असा ठेवा: आधी पार्किंग, मग गच्ची, मग जिना, सगळ्यात शेवटी फ्लॅट. लोक नेमके उलटे जातात. फ्लॅटला रंग दिलेला असतो, पार्किंगच्या कॉलमला सहसा कोणी देत नाही.

पार्किंगमध्ये प्रत्येक कॉलमभोवती टॉर्च घेऊन फिरा. जमिनीपासून पहिले दोन फूट महत्त्वाचे, तिथे गाड्या धुतल्याचं पाणी साचतं. कोपऱ्यावर उभी भेग, फुगवटा, तपकिरी ओघळ, उघडी रिंग बघा. पाइपसाठी, मीटरच्या केबलसाठी कॉलमला खाच मारलीय का तेही बघा. ९ इंच रुंदीच्या कॉलमला दोन इंच खाच म्हणजे तिथला उभा गज उघडा पडल्यात जमा. तळमजल्यावर नंतर गाळे किंवा ऑफिस काढलं असेल तर कुठला कॉलम किंवा बीम छाटलाय का याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं.

स्टिल्टबद्दल आणखी एक. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा असतो, पार्किंगला नुसते कॉलम. भूकंपात सगळी हालचाल त्याच मजल्यात होते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत स्टिल्टवरच्या अनेक इमारती कोसळल्या त्या यामुळेच. ठाणे-डोंबिवली तिसऱ्या भूकंपप्रवण क्षेत्रात मोडतं, म्हणून स्टिल्टचे कॉलम निरोगी असणं इथे ऐच्छिक नाही.

रिपेअर_साइट

ओळंबा यांनी सांगितलेलं सगळं बरोबर. मी हाताने तपासायच्या गोष्टी आणि ‘सोसायटीने रिपेअर केलंय’ यावर लिहितो.

सोबत न्यायचं: जोरदार टॉर्च, दोनशे ग्रॅमची छोटी हातोडी, ओळंबा, दहा मीटर दोरी, पेन्सिल, जुनं एटीएम कार्ड. कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं. ते भेगेत शिरलं तर भेग पाऊण मिलिमीटरच्या वर आहे. आणखी बारीक मोजायची असेल तर गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फीलर गेज मिळतो, त्यात ०.०५ पासून १ मिमीपर्यंत पात्या असतात.

टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा मारा. समोरून मारलेल्या उजेडात नवा रंग सपाट दिसतो, तिरप्या उजेडात खालचं ठिगळ, फुगवटा, लांबीने भरलेली भेग, सगळं उठून दिसतं. मग हातोडीने हलकेच ठोका. धडधाकट काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. इथे लोक घाबरतात म्हणून सांगतो: भिंतीवर बद्द आवाज आला तर बहुतेक वेळा नुसतं प्लास्टर सुटलेलं असतं. बीमच्या पोटाला, स्लॅबच्या खालच्या अंगाला आणि कॉलमच्या कोपऱ्याला बद्द वाजलं तर ते कव्हर सुटलेलं असण्याची शक्यता मोठी. तुमच्या दीड मीटर भेगेच्या दोन्ही बाजूंनी ठोकून, जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत जा. मालकांना आधी विचारून घ्या. खरेदी करणारा ठोकून बघणार यात वावगं काही नाही. कोणी ठोकूच देत नसेल तर तेही एक उत्तर आहे.

बाथरूमच्या छताचं. पांढरं जे साचलंय ते नखाने खरवडून बघा. मऊ, मिठासारखी भुकटी असेल तर लोणा (ओलीबरोबर आलेले क्षार). भिंतीवर हा नेहमीचा. टणक, चुन्याच्या थरासारखं किंवा खाली लोंबणारं असेल तर पाणी स्लॅबमधून आरपार येतंय आणि काँक्रीटमधला चुना घेऊन येतंय. तपकिरी डाग म्हणजे त्या पाण्याने सळई गाठली. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेऊन वर विटांचे तुकडे भरलेले असतात. वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप किंवा पाइपचा सांधा गळला की ते भरण स्पंजसारखं वर्षभर ओलं राहतं. त्यामुळे घरात सगळ्यात आधी गंजतो तो हाच स्लॅब. वरच्या मजल्यावर नुसती टाइल बदलून, सांध्यात व्हाइट सिमेंट भरून हे थांबत नाही. भरण काढून, वॉटरप्रूफिंग करून, पाइप बदलूनच थांबतं. आणि ते काम दुसऱ्याच्या घरात करायचं असतं, म्हणून वरच्या बिऱ्हाडाची तयारी आहे का हे खरेदीआधीच विचारा.

पावसाळा नसेल तर वरच्यांच्या परवानगीने नहाणी ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये दीड-दोन इंच पाणी २४ ते ४८ तास उभं ठेवायचं आणि खालून बघायचं. भिंतीची ओल आतून येतेय की नुसती हवेची आहे हे बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतली.

आता रिपेअर. बरोबर रिपेअरचा क्रम असा: सुटलेलं काँक्रीट फोडायचं, आणि सळईच्या समोरूनच नव्हे, मागूनही २०-२५ मिमी मोकळं करायचं. सळई वायर ब्रशने किंवा यंत्राने घासून गंज पूर्ण काढायचा. व्यास मोजायचा. १० मिमीची सळई ८ वर आली असेल तर वरवर दोनच मिलिमीटर गेले असं वाटतं, प्रत्यक्षात क्षेत्रफळ ७८.५ वरून ५०.३ चौरस मिमीवर येतं, म्हणजे ३६ टक्के ताकद गेली. इतकी झीज असेल तर नवी सळई जोडावीच लागते. मग गंजरोधक प्रायमर, बाँड कोट, आणि पॉलिमर मॉर्टर १०-१५ मिमीच्या थरांनी. जास्त खोल असेल तर फर्मा लावून मायक्रोकाँक्रीट. बीम-स्लॅबचं काम चालू असताना खाली टेकू हवेत.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर गंजलेल्या सळईवर थेट सिमेंट-रेतीचं प्लास्टर आणि वर रंग. दोन-तीन पावसाळे छान दिसतं, मग तिथेच, किंवा ठिगळाच्या कडेने, पुन्हा फुटतं. मीठ असलेल्या काँक्रीटमध्ये तर ठिगळ बरं राहतं आणि त्याच्या लगतचा भाग आणखी वेगाने गंजतो. तुमच्या पार्किंगच्या कॉलमवरचं ठिगळ ठोका, कडेने भेग फिरलीय का बघा, आणि सोसायटीकडे तीन वर्षांपूर्वीच्या कामाचं बिल मागा. बिलात ‘पॉलिमर मॉर्टर’, ‘जॅकेटिंग’ (कॉलमभोवती नवं काँक्रीट), ‘ब्रेकिंग आउट’ (सुटलेलं फोडणं) अशा बाबी चौरस मीटरमध्ये मोजून लिहिल्यात की नुसतं ‘प्लास्टर व पेंटिंग’ आहे, यावरून काय झालं ते स्वच्छ कळतं.

गच्चीवर कोबा (गळती रोखायला स्लॅबवर टाकलेला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) किती जाड आहे ते बघा. पर्जन्य पाइपच्या तोंडाशी किंवा जिन्याच्या दारातल्या उंबऱ्याशी जाडी दिसते. गळती झाली की जुना कोबा न काढता वर नवा टाकायची सवय आहे. ११५ मिमीचा कोबा चौरस मीटरला सुमारे २३० किलो भरतो. घराच्या स्लॅबला माणसं-सामानाचा हिशोबच मुळी २०० किलोचा धरतात. २०० चौरस मीटर गच्चीवर दुसरा कोबा म्हणजे ४५ टनांच्या आसपास कायमचं जादा ओझं. घरातल्या लादीवर लादीचंही तसंच: २० मिमी लादी आणि ३० मिमी माल मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या वर. दरवाजे खालून कापलेले दिसले तर फरशीवर फरशी आहे समजा. जादा पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, नंतर बांधलेली खोली हेही बघून घ्या.

गौरी_पुणे

एक भर. बाल्कनी आणि फ्लॉवर बेड खोलीत घेतलेत का ते मंजूर नकाशाशी ताडून बघा. बाल्कनी कँटिलिव्हर असते, म्हणजे एकाच बाजूला धरलेली, तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. कास्टिंगच्या वेळी माणसं तिच्यावर उभी राहिली की ती खाली दबते, आणि मग बाल्कनीची ताकद निम्म्यावर येऊ शकते. अशा बाल्कनीच्या टोकाला विटेची भिंत, खिडकी, वॉशिंग मशीन आणि पाण्याचं पिंप ठेवलं तर भेग पडते ती वरच्या बाजूला, खोलीच्या भिंतीला लागून, टाइलखाली. खालून काहीच दिसत नाही. बाल्कनीत टाइल्सचा सांधा भिंतीशी समांतर उघडलाय का, आणि कडेचा उतार बाहेर वाढलाय का, हे दोरी धरून बघा.

स्लॅबचा झोलही दोरीने मोजता येतो. पीओपी नसलेल्या खोलीत छताच्या दोन टोकांना समान अंतरावर दोरी ताणून मध्ये किती फरक येतो ते मोजा. एकूण झोल लांबी भागिले २५० च्या आत हवा, म्हणजे साडेतीन मीटर खोलीला १४ मिमी. दोन-पाच मिमी तर सेंटरिंगचीच (स्लॅब ओतताना खाली लावलेल्या फळ्यांची) चूक असू शकते. हॉलच्या पीओपीत लाइटसाठी भोक असेल तर एक दिवा काढून मोबाइलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ घ्या.

बिऱ्हाड_डोंबिवली

खूप आभार. काल पुन्हा गेलो. बीमची भेग: एटीएम कार्ड शिरत नाही, व्हिजिटिंग कार्ड शिरतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना मिळून मीटरभर पट्टा बद्द वाजतो. बाथरूमचं पांढरं टणक आहे. कॉलमचं ठिगळही बद्द, आणि शेजारच्या कॉलमला कोपऱ्यावर उभी भेग सापडली. गच्चीवर कोबा एकच दिसतो. सेक्रेटरींनी स्ट्रक्चरल ऑडिट झालंय असं सांगितलं, कागद अजून दाखवला नाही. आता इंजिनिअरला नेमकं काय करायला सांगू? एका ओळखीच्यांनी ‘हॅमर टेस्ट करून घ्या, झालं’ असं सुचवलंय.

ओळंबा

फक्त हॅमर टेस्टवर थांबू नका. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा टणकपणा मोजतो. जुनं काँक्रीट कार्बोनेट होऊन वरून आणखी टणक झालेलं असतं, त्यामुळे तीस वर्षांच्या इमारतीत तो आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो. ताकदीचा अंदाज चांगल्या स्थितीतही २५ टक्के इकडे-तिकडे असतो. आणि तुमचा प्रश्न सळईचा आहे, त्याबद्दल हॅमर काहीच बोलत नाही.

तुमच्या इमारतीसाठी हव्यात त्या चाचण्या अशा. यूपीव्ही, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते: १९९२ च्या आयएस १३३११ मध्ये सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनच्या खाली संशयास्पद धरत, म्हणजे आत पोकळ्या किंवा भेगा असू शकतात. कव्हर मीटरने सळई किती आत आहे ते, आणि त्याच जागी कार्बोनेशन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की जिथे अल्कधर्मीपणा शिल्लक आहे तिथे गुलाबी होतं, जिथे संपलाय तिथे रंग येत नाही. रंग न येणारी खोली कव्हरपेक्षा जास्त असेल तर सळई उघड्यावर पडल्यासारखीच आहे. हाफ सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईच्या विद्युत दाबावरून गंजाचा अंदाज: कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलीव्होल्टच्या पलीकडे रीडिंग गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे २०० च्या अलीकडे असेल तर गंज नसण्याची तितकीच. सोबत क्लोराइडसाठी, म्हणजे मीठ किती आहे ते बघायला, काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत, ०.६ किलो प्रति घनमीटर ही आयएस ४५६ ची मर्यादा. क्लोराइड जास्त निघालं तर दुरुस्ती वारंवार करावी लागणार हे आत्ताच धरून चाला.

कोअर (काँक्रीटमधून ड्रिलने कापलेले गोल तुकडे, ताकद तपासायला) काढायचे असतील तर ते सोसायटीच्या परवानगीने, निदान तीन. तिन्हींची सरासरी मूळ ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको.

कुठे तपासायचं हे इंजिनिअरवर सोडलं तरी दोन जागा तुम्ही सांगा: पार्किंगचे ते दोन कॉलम आणि तुमची बीम. फ्लॅटच्या आत कितीही चाचण्या केल्या आणि पार्किंग सोडलं, तर निम्माच अहवाल हातात येईल.

बँकेचा व्हॅल्युअर किंमत ठरवतो, कागद-नकाशा बघतो, इमारतीचं उरलेलं आयुष्य अंदाजाने लिहितो. तो हातोडी घेऊन येत नाही. त्याचा होकार हा बँकेच्या कर्जापुरता.

कागद_आधी

ऑडिट झालंय म्हणतात, तर अहवाल दाखवायला अडचण काय? सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षं झालेल्या इमारतीला स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमची इमारत ३० च्या पुढे गेली आहे, म्हणजे दोन्ही लागू.

अहवालात शेवटचा शेरा वाचून थांबू नका, प्रवर्ग बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ किरकोळ. ऑडिटरने सी-२ब म्हटलं असेल तर सुचवलेली दुरुस्ती नंतर झाली का आणि झाल्याचं प्रमाणपत्र आहे का, हा खरा प्रश्न. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, तीही बघा.

मग मागील तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं. गळती, प्लास्टर पडणं, पुनर्विकास, वर्गणी, सगळं तिथे लिहिलेलं असतं. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) किती साचलाय ते ताळेबंदात दिसतं; नियमाने बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी जमा व्हायला हवा. १६ बिऱ्हाडांत मोठं काम निघालं तर प्रत्येकाच्या वाट्याला लाखांत येऊ शकतं आणि सभेचा ठराव झाला की नव्या मालकालाही ते भरावंच लागतं. भोगवटा प्रमाणपत्र आहे का हे तर सगळ्यात आधी. रेराची पाच वर्षांची दोष-दुरुस्तीची हमी नव्या प्रकल्पांना आहे, १९९३ च्या रिसेलला ती मिळणार नाही.

विसार पावतीवर एक ओळ लिहून घ्या: स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीत बीम, कॉलम किंवा स्लॅबमध्ये मोठा दोष निघाल्यास विसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. तारीख घाला. ही ओळ लिहून देत नसतील तर विसार देऊ नका.

शिवार_नगर

मध्येच विचारतो. अहिल्यानगरजवळ काळ्या मातीतला १५ वर्षं जुना बंगला बघतोय, लोडबेअरिंग (भिंतींवर उभा, कॉलम नाहीत), एकमजली. कोपऱ्याच्या भिंतीत पायऱ्यापायऱ्यांसारखी भेग आहे. मालक म्हणतात पावसात बुजते. इथेही गंजच बघायचा का?

ओळंबा

नाही, तिथे आधी माती. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरच्या साडेतीन मीटरच्या आसपास ही हालचाल चालू असते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल किंवा अंडररीम पाइल (तळाशी फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) नसतील तर घर दरवर्षी वरखाली होतं. ‘पावसात बुजते’ हे मालकांनी दिलेलं सगळ्यात उपयोगी उत्तर आहे: भेग जिवंत आहे. मे महिन्यात बघा, तेव्हा ती सर्वांत रुंद असते.

लोडबेअरिंगमध्ये भिंत हीच भार घेते, त्यामुळे वर फ्लॅटबद्दल लिहिलेलं ‘भिंत नुसतं भरण’ इथे लागू नाही. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर कोपरा खाली जातोय. खाली रुंद असेल तर मधला भाग. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा, तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. दरवाजा अडकतो का यापेक्षा चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. लाकूड पावसाने फुगतंच, पण कर्णांत सेंटीमीटरचा फरक आला तर चौकट नव्हे, भिंत हललीय. दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या चारही कोपऱ्यांना प्लिंथच्या (जोत्याच्या) वरच्या कडेची पातळी ताडा.

मग घराभोवती फिरा. प्लिंथला लागून निदान पाऊण मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा आहे का? छपराचं पाणी पायाशीच पडतं का? शोषखड्डा, गळकी टाकी, भिंतीलगत मोठं झाड? एकाच कोपऱ्याशी पाणी मुरतं किंवा झाड पाणी ओढतं, आणि तोच कोपरा वेगळा हलतो. पायाशी एक खड्डा खणून पाया किती खोल आणि कशावर टेकलाय हे बघितल्याशिवाय किमतीवर बोलू नका. खड्डा कोपऱ्यापासून थोडा दूर घ्या, एका वेळी मीटरभरच, आणि बघून झालं की त्याच दिवशी मुरूम भरून ठोकून टाका.